खालचा ओठ, डावी बाजू

६ जानेवारी, सोमवार

थंडी फार. स्कूटी तिसऱ्या खेपेला सुरू झाली. वर्गात आठ पोरं, त्यातल्या तिघांच्या मशीनमधल्या बॅटऱ्या संपलेल्या. घरी कुणी बघतच नाही. बंद पडलेलं श्रवणयंत्र कानाला लावून चार वर्षांचं पोर दिवसभर शहाण्यासारखं बसून राहतं आणि आपण म्हणायचं, आज लक्ष नाही त्याचं.

नवी पूर्वा आज आरशासमोर पहिल्यांदा नीट बसली. साडेचार वर्षांची, सटाण्याकडची. बाप तिकडे कांद्याच्या खळ्यावर, आई रूपाली पोरीला घेऊन इथे पंचवटीत एका खोलीत राहते, फक्त शाळेसाठी. रूपालीला एकच शब्द ऐकायचाय, मम्मी. बाकी काही नाही आलं तरी चालेल म्हणते. ती बोलते आमच्या बागलाणच्या बोलीत, मी उत्तर देते पुस्तकी मराठीत. माझं माहेर तिच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर. अजून तिला सांगितलेलं नाही, उगाच सलगी वाढते.

दुपारी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. पालकांसाठी व्हिडिओ करायचं ठरलंय. एकेक अक्षर, एकेक शब्द, कॅमेरा फक्त तोंडावर. आईबापांनी मोबाईलवर लावून घरी सराव घ्यायचा. "तोंड तुमचंच, देवरेबाई. तुमच्याइतके स्वच्छ ओठ शाळेत कुणाचे नाहीत." सत्तावीस वर्षांत मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. आनंद झाला, लपवत नाही.

नसीमने (वर्गात माझ्या जोडीला असते, माझ्याहून वीस वर्षांनी लहान) चाचणी म्हणून माझा 'पा' मोबाईलवर घेतला आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लावला. ओठ स्वच्छ होते. पण बाकीचं. नाकापासून दोन रेघा, ओठांच्या कोपऱ्यांतून हनुवटीकडे आणखी दोन, आणि जबड्याखाली सुटलेलं काहीतरी, जे 'पा' म्हणून झाल्यावरही थोडा वेळ हलत होतं. नसीम म्हणाली, "पडदाच खराब आहे, बाई." भली पोरगी आहे.

८ जानेवारी, बुधवार

कॉलेज रोडवरच्या क्लिनिकची पाटी गेली दोन वर्षं जाता-येता वाचते. ऑपरेशन नाही, सुई नाही. आज आत गेले. डॉक्टर मुलगी माझ्या पहिल्या बॅचच्या वयाची. समजावून सांगितलं तिने नीट. हायफू म्हणतात. सोनोग्राफीच्याच जातीच्या लहरी, फक्त एका बिंदूवर गोळा केलेल्या. कातडी वरून जळत नाही, आतल्या थराला उष्णता बसते, मग शरीर तिथे नवीन कोलॅजन तयार करतं. दोन-तीन महिन्यांत चेहरा आवळून येतो. "थोडाच हं, मॅडम. चमत्कार नाही." मी म्हटलं, रेकॉर्डिंग दहा-बारा दिवसांत आहे. ती म्हणाली, लगेच थोडं घट्ट वाटतं, पण खरा फरक नंतर. मी 'लगेच थोडं घट्ट' एवढंच ऐकून घेतलं.

लहरी म्हणजे आवाजच तो. फक्त कुणालाही ऐकू न येणारा. म्हटलं, आमच्यातलाच आहे.

घरी ह्यांना दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले असं सांगितलं. ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "वरचा की खालचा?" खालचा म्हटलं.

नटण्यासाठी करतेय असं वाटत नाही मला. पोरं दिवसभर माझ्या तोंडाकडे बघतात. नवऱ्याने लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा एवढं बघितलं नसेल. फळ्याला रंग देतात, बाकं पॉलिश करतात, मग तोंडानेच काय घोडं मारलंय. असं सगळं स्वतःला पटवून झालं. मग झोपले.

११ जानेवारी, शनिवार

झालं एकदाचं. आधी बधिर करायचं मलम लावून पाऊण तास बसवलं. चष्मा काढलेला, तोंडाला पांढरा लेप, तशातच फॉर्म आला सहीला. दोन पानं, बारीक टाईप. पालकांना मी दर जूनमध्ये ओरडते, वाचल्याशिवाय सही करू नका. स्वतः मात्र बोटाने जागा चाचपून सही ठोकली.

डॉक्टरांनी पांढऱ्या पेन्सिलीने तोंडावर रेघा मारल्या, इथे द्यायचं, इथे नाही. कपाळ आणि गाल तिने केले. मग बाहेर कुणीतरी आलं म्हणून गेली, जबडा असिस्टंट मुलीने केला. टक टक टक. गालावर चालतं. जबड्याच्या हाडावर मात्र तापलेली सुई आतून टेकवल्यासारखं, आणि दाढेतलं जुनं सिमेंट झणझणतं. डोळ्यांतून पाणी आलं. मुलगी म्हणाली, झालंच मॅडम, झालंच. मीही पोरांना असंच म्हणते, मशीनचा साचा घ्यायला कानात मसाला भरतात तेव्हा.

येताना स्कार्फ बांधून आले. चेहरा लाल. आरशात खरंच घट्ट दिसतोय. खूश.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी चूळ भरताना पाणी डावीकडून हनुवटीवर आलं. वाटलं बधिरपणा राहिला असेल. मग आरशात 'ई' म्हणून बघितलं.

खालचा ओठ उजवीकडून खाली जातो, दात दिसतात. डावीकडून जातच नाही. तिथेच बसून राहतो, हट्टी पोरासारखा. तोंड मिटलं की काही कळत नाही. मिटताना नीट, उघडताना वाकडं.

वीसेक वेळा म्हणून बघितलं. आ, ई, पा, बा, मा. ह्यांनी बाहेरून विचारलं, सकाळी सकाळी कोणाला शिकवतेस? दार उघडलं नाही.

क्लिनिकला फोन. "सूज असेल मॅडम, उतरेल." शाळेत रजा सांगितली. सर्दी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बिल्डिंगमधल्या बायका वाण घेऊन आल्या. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि मी हाताने तोंड झाकून गोड बोलत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हात खाली घेतला माझा. "अगं बाई, वारं लागलं तुला." मी हो म्हटलं. आपोआप निघालं तोंडातून. निफाडला पारा किती उतरलाय ते रोज टीव्हीवर दाखवतात, स्कूटीवर गार वारं लागून तोंड वाकडं झालं हे कुणालाही पटतं. दोघींनी उपाय सांगितले. एकीने तिच्या मामांना कसं झालं होतं ते सांगितलं. मामांचं बरं झालं का, हे विचारायचं राहिलं.

ह्यांनाही तेच सांगितलं. काळजीत पडले बिचारे. स्वतःची कानटोपी काढून दिली. कानटोपी घेताना मला माझीच लाज वाटली.

१५ जानेवारी, बुधवार

शाळा. बाकी कुठेही मास्क लावता आला असता. बँकेत, भाजीला, लग्नात. आमच्या वर्गात तेवढं चालत नाही. तोंड झाकलं तर मी कशाला हवी तिथे.

मोठ्या माणसांना दुपार होईपर्यंत कळलं नाही. पोरांना दारातच कळलं. छोट्यांनी नुसतं बघितलं. मोठ्या वर्गातल्या पोरांनी मधल्या सुट्टीत माझं नाव बदललं. मुलं प्रत्येकाला खुणेचं नाव देतात. माझं इतकी वर्षं होतं कपाळावर बोट टेकवून मागे अंबाडा. आज मैदानात एकाने दुसऱ्याला मी येतेय हे सांगितलं ते खालचा ओठ बोटाने एका बाजूला ओढून. वाईटपणा नव्हता त्यात. जे ठळक दिसतं ते नाव, एवढाच त्यांचा हिशेब.

मोठ्या बाई म्हणाल्या, वारं ना, होतं बरं. रेकॉर्डिंग महिनाअखेरीला ढकललं. तोपर्यंत व्हाल ठणठणीत. मी मान हलवली.

१८ जानेवारी, शनिवार

क्लिनिक. आज डॉक्टरांनी स्वतः बघितलं. हसा, शिट्टी वाजवा, दात दाखवा. जबड्याच्या कडेने एक बारीक नस जाते म्हणाली, खालच्या ओठाला तीच हलवते. तिला उष्णता बसलीय. तुटलेली नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत परत येतं, काहींचं महिने घेतं. "बहुतेकांचं," मी म्हटलं. ती म्हणाली, हो, बहुतेकांचं. खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवते.

मग म्हणाली, अगदीच लोकांत अवघड होत असेल तर उजव्या बाजूलाही एक छोटं इंजेक्शन देता येतं. तीही बाजू तीन-चार महिने कमी हलेल, मग दोन्ही सारख्या दिसतील. म्हणजे चांगली बाजू पांगळी करून बरोबरी साधायची. विचार करते म्हटलं. वाईट हे की खरंच विचार केला, घर येईपर्यंत.

फॉर्मची कॉपी मागून घेतली. चष्मा लावून वाचली. दुसऱ्या पानावर लिहिलेलं आहे.

२२ जानेवारी, बुधवार

आज पूर्वाने 'पा'ला कागदाची पट्टी उडवली. ओठांसमोर पट्टी धरायची, 'पा' म्हणायचं, हवा नीट आली तर पट्टी हलते. पंधरा दिवस नुसतं फू फू चाललं होतं. आज ओठ घट्ट मिटले आणि फटकन उघडले. मग आरशात माझ्याकडे बघितलं, बरोबर का म्हणून. बरोबर म्हटलं. तिला उचलून घेतलं.

घरी आल्यावर काहीतरी टोचत राहिलं. पट्टी उडाली तेव्हा तिचा ओठ कसा उघडला ते डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करते. नीट आठवत नाही. मी पट्टीकडेच बघत होते.

२३ जानेवारी, गुरुवार

आठवायची गरज नाही. आज पट्टी न धरता बसले. आरशात दोघी शेजारी शेजारी, पा, पा, पा. माझा डावा कोपरा वर. तिचाही.

तिची नस धडधाकट आहे. केळं खाताना बघितलं, रडताना बघितलं, दोन्ही बाजू खाली जातात. फक्त माझ्यासमोर 'पा' म्हणताना डावी बाजू आवरून धरते. मेहनत घेऊन. खालच्या ओठाला बारीक सुरकुती पडते तिच्या, इतकी मेहनत.

इतर पोरं करत नाहीत, त्यांचे हे आवाज दिवाळीआधीच बसलेत. ही नवी. हिने माझं आधीचं तोंड जेमतेम आठवडाभर बघितलंय.

नसीमला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी बसते ना हिच्यासमोर काही दिवस." मी म्हटलं, नको, मी बोटाने दुरुस्त करून घेते. सत्तावीस वर्षं आरशासमोरची ती खुर्ची माझी आहे. असं बोलले नाही. पण कारण तेच होतं.

२८ जानेवारी, मंगळवार

बोटाने दुरुस्त होत नाही. तिच्या ओठाला हात लावून खाली घेतलं की ती माझ्या तोंडाकडे बोट दाखवते. तुझा तर नाही जात. बिनतोड आहे.

संध्याकाळी गोदाकाठच्या भाजीबाजारात नसीम भेटली. स्कार्फमध्येही ओळखलं तिने. चहा घेतला. ती म्हणाली, "बाई, सच सांगू का, वारं लागलं की पूर्ण अर्धा चेहरा जातो. डोळासुद्धा मिटत नाही. माझ्या चाचांना झालं होतं. तुमचा तर फक्त ओठ आहे." मग कप खाली ठेवला. "नका सांगू. पण पोरीचं बघा."

सांगितलं सगळं. क्लिनिक, मलम, टक टक. ऐकून घेतलं तिने. हसली नाही. म्हणाली, "माझी अम्मी चेहऱ्याला दुधाची साय लावायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. कुणाला कळू नये म्हणून. सगळ्यांना माहीत होतं."

पण एक गोष्ट तिलाही सांगितली नाही. ह्या वहीतही लिहिली नव्हती. पेन्सिलीची रेघ ओठाच्या कोपऱ्याखाली संपत होती, त्याच्या आत द्यायचं नाही म्हणून. असिस्टंट मुलगी तिथे थांबली होती. मीच म्हटलं, अजून थोडं आत घे, पडद्यावर तीच घडी दिसते. ती म्हणाली, "तिथे नाही देत, मॅडम." मी म्हटलं, "एकदाच." वर्गात म्हणते तसं म्हटलं. त्या आवाजापुढे आजवर कुणी दुसऱ्यांदा 'नाही' म्हटलेलं नाही. तिने जेल पुसलं, त्यात रेघही पुसली, आणि दिलं. मग मीच उजवीकडे म्हटलं, बास, दुखतंय. म्हणून उजवा वाचला.

ती पोरगी असेल बावीस-तेवीसची. तिला तिथे बोलणी बसली असतील. मी डॉक्टरांना काही सांगितलेलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

रेकॉर्डिंग नसीमचं झालं. मोठ्या बाईंनी विचारलं, वाईट नाही ना वाटलं? नाही म्हटलं. हॉलमध्ये मागे उभी राहून बघितलं. पडद्यावर गुळगुळीत तोंड, एक रेघ नाही. 'फ'ला तिचे दात जरा जास्त येतात बाहेर. सांगितलं तिला, तिने परत केला. खरंच वाईट वाटलं, फार.

ओठ आहे तिथेच. तीन आठवडे झाले. डॉक्टरांना फोन केला होता. असिस्टंटचा दोष नाही, मीच आत घ्यायला लावलं, हे सांगितलं. मग, "मॅडम, तरी तिने द्यायला नको होतं." एवढंच. सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पूर्वा 'मम्मी' म्हणाली.

शाळा सुटताना. रूपाली फाटकाशी उभी. पूर्वा पायरीवर थांबली, ओठ मिटले, आणि म्हणाली. आवाज नाकातून, जाड, शेवटी चिरकला, पण मम्मी. रूपाली तिथेच खाली बसली मातीत. "मन्ही पोर बोलनी, बाई. मन्ही पोर बोलनी." रिक्षावाले बघत होते. वॉचमनकाका डोळे पुसत होते. पोरगी आईचं रडणं बघून घाबरली, आणि आई थांबावी म्हणून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मम्मी. मम्मी. प्रत्येक वेळी डावा कोपरा वर.

मीही रडले. लोकांना वाटलं आनंदाने. तोही होताच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रूपाली पेढे घेऊन आली. म्हटलं, घरी सराव कसा घेता ते दाखवा. तिने पोरीला समोर बसवलं, हनुवटी धरली, आणि स्वतःचं तोंड वाकडं करून म्हणाली, मम्मी.

मला आधी कळलंच नाही मी काय बघतेय. तिने पुन्हा केलं. ओठाचा एक कोपरा दाताखाली किंचित दाबून धरते, म्हणजे तो खाली जात नाही. जमायला चार दिवस लागले म्हणाली. "तुम्ही जसं करतस तसंच मी करस, बाई. मी सुदिक आरसा ली बसस." पहिल्या दिवसापासून मीच घोकून घेतलंय तिच्याकडून, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, बाई करतात अगदी तसंच करायचं. तिला वाटलं बहिऱ्या पोरांना बोलायला असंच शिकवतात. हीच पद्धत. वारं लागल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ती शाळेत बोलते कुणाशी.

पण ती समोरून बघते माझ्याकडे, म्हणून तिचा उजवा कोपरा. पोरगी शाळेत डावा करते, घरी आरशात आईचा बघून उजवा. मग आठवण आली की परत डावा. काल पायरीवर थांबली होती ती त्यासाठी असेल, कुठला करायचा ते ठरवायला.

पेढा खाल्ला. पेढा खाऊन काही न बोलणारी बाई.

८ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना सांगितलं. दाताचं, वाऱ्याचं, सगळं. बराच वेळ कानटोपीची घडी घालत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं माझ्यामुळे झालं. थंडीत स्कूटीवर पाठवतो म्हणून." रागावले असते तर बरं झालं असतं. नंतर जेवताना म्हणाले, "पडद्यावर काय दिसलं होतं एवढं?"

१० फेब्रुवारी, सोमवार

रूपालीला थांबवून घेतलं. वर्ग रिकामा. पूर्वा कोपऱ्यात ठोकळे लावत बसलेली.

पुस्तकी मराठीत सुरू केलं. गैरसमज, तात्पुरता परिणाम, उपचार. तिला काही कळेना. मानेने हो हो करत होती. मग मी गावच्या बोलीत आले. पस्तीस वर्षांत बोलले नव्हते, आई गेल्यापासून तर नाहीच. म्हटलं, ही शिकवायची रीत नाही, माझं तोंड बिघडलंय. आणि ते वाऱ्याने नाही. मी यंत्राने भाजून घेतलं. तरुण दिसावं म्हणून.

ती बघत राहिली. मी बोली बोलले याचं आधी आश्चर्य, मग बाकीचं पोचलं. "कसाले?" म्हणाली. मी म्हटलं, चेहरा ओघळला होता. ती म्हणाली, "चांगलं व्हतं ना तुमनं तोंड."

मग उठली. पोरीकडे गेली, तिच्या ओठांवरून हात फिरवला, दोन्ही बाजूंनी. "आते काय करू, बाई? तिले ते एवढंच येस."

तिला एवढंच येतं. खरं आहे. महिनाभराने आलेला एकुलता एक शब्द, आणि मी सांगतेय तो परत घे. रूपाली भांडली नाही, आवाज चढवला नाही. पोरीची बॅग उचलली. दारात म्हणाली, उद्या येऊ ना? मी म्हटलं, या. समोर नसीमबाई बसतील.

मोठ्या बाईंनाही सांगितलं नंतर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुन्हा लावला. "बघू," म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आरशात 'ई' म्हणताना डाव्या बाजूला बारीकसं काहीतरी हललं. की मला तसं वाटलं. परत केलं तर नाही. क्लिनिकमधून फोन होता, उजवीकडच्या इंजेक्शनचं काय ठरलं. अजून काही कळवलेलं नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर पोरीला निदान एकच काहीतरी दिसेल, असंही मनात येऊन गेलं.

नसीम तीन दिवस बसतेय पूर्वासमोर. मी मागे, पोरीच्या नजरेत येणार नाही अशी, भिंतीकडच्या स्टुलावर. माझी खुर्ची नसीमला जरा उंच होते, पाय टेकत नाहीत तिचे.

काल-परवा पूर्वा नसीमकडे बघायलाच तयार नव्हती. आज बघितलं. नसीमने ओठ मिटले, मग स्वच्छ, सरळ म्हणाली, मम्मी. एकदम सुंदर. व्हिडिओत आहे तसंच.

पूर्वाने मान हलवली. नाही.

नसीमने पुन्हा म्हटलं. पूर्वा खुर्चीवरून उतरली, तिच्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली, आणि नसीमचा खालचा ओठ डाव्या कोपऱ्यात दोन बोटांनी धरला. हळूच. मी धरते तसाच, नख लागू नये म्हणून बोटं वाकडी करून. उघडताना तो खाली जाऊ नये म्हणून तिथेच दाबून ठेवला. मग मान वर करून वाट बघत राहिली, म्हण आता.

नसीमने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही. पोरगी ओठ सोडेना.